ओपनिंगचं माप की शटरचं?

किचन ट्रॉलीच्या कपाटाला जो दरवाजा असतो, त्याला आमच्या धंद्यात शटर म्हणतात. कुपवाडला भाड्याच्या शेडमध्ये सीएनसी राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, मी एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीची) शटरं बनवतो आणि सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर या टापूत विकतो. त्याआधी अकरा वर्षं एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटर मशीनचा, ऑपरेटर होतो. कास्टिंगवर बोअर मारायचे, ड्रिल-टॅप करायचं, शिफ्ट संपली की घरी. मशीनला हुकूम द्यायची भाषा, जी-कोड, पाठ होता, मायक्रॉनमध्ये मोजायची सवय होती. लाकडाचं काम त्यापुढे सोपं असणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडायला पहिलं वर्ष गेलं.

कल्पना मामांची. मामा मिरजेत सुतारकाम करतात, चाळीस वर्षं झाली. एकदा जेवताना म्हणाले, "कपाटाचं बॉक्स मी चार दिवसांत उभं करतो, आणि शटर बाहेरगावाहून यायला पंधरा दिवस. गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतंय. तू तिकडं लोखंड कापतोयस, तेच हितं लाकूड काप की." त्या रात्री मला झोप आली नाही.

कर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण तेच आधी विचारतात. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज केला. सर्वसाधारण गटाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. अनुदान शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के. ते अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं. त्यामुळे हप्त्याचं गणित अनुदान नाही असं समजूनच मांडावं. मी तसं मांडलं होतं, म्हणून पहिल्या पावसाळ्यात तगलो.

मशीन घेतलं १३२५, म्हणजे बेड १३०० बाय २५०० मिलिमीटर. आठ बाय चारची अख्खी शीट त्यावर बसते. स्पिंडल, म्हणजे कापणारा बिट फिरवणारी मोटर, ६ किलोवॅट; खाली शीट हवेच्या ओढीनं धरून ठेवणारा व्हॅक्यूम बेड. १८ मिलिमीटरची एक शीट चाळीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे एकट्यानं मशीनवर चढवायची नाही, हे कमरेनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

पहिली चूक स्पीडची. एमडीएफ मऊ, म्हणून मी स्पिंडल २४,००० आरपीएमवर ठेवला आणि भीतीपोटी फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, मिनिटाला ३ मीटर. संध्याकाळपर्यंत कार्बाइडचा ६ मिलिमीटरचा बिट काळा पडला, शीटच्या कडेला जळका वास, आणि शेडभर मैद्यासारखी भुकटी. मग वही काढून बसलो. फीड भागिले आरपीएम, भागिले बिटाच्या धारा: ३,००० भागिले २४,००० भागिले २, म्हणजे एका धारेच्या वाट्याला ०.०६ मिलिमीटर. एवढ्याशा खुराकावर धार कापत नाही, नुसती घासते. लोखंडात आम्ही म्हणायचो की उष्णता चिपबरोबर, म्हणजे कापून निघालेल्या किसाबरोबर, बाहेर गेली पाहिजे. इथेही तेच, फक्त कूलंट नाही, त्यामुळे चिप हाच एकमेव मार्ग. स्पिंडल १८,००० वर आणला, फीड ६ मीटर केला. एका धारेला ०.१७ आलं. भुकटीऐवजी बारीक चुरा पडायला लागला, बिट हाताला कोमट लागला. एमडीएफमधला डिंक धारेला खातो, त्यामुळे बिट कायमचा टिकत नाहीच. पण आधी जो दिवसात जायचा तो आता कितीतरी शीट चालतो. नवीन मुलगा कामाला आला की मी त्याला आधी चुरा चिमटीत धरायला लावतो. तो पिठासारखा लागला तर काहीतरी चुकतंय.

आरपार कटिंगला आणखी एक गोष्ट. ड्रॉवरच्या पुढच्या पट्टीसारखे लहान तुकडे पूर्ण सुटले की व्हॅक्यूम त्यांना धरत नाही, तुकडा सरकतो आणि कड खराब होते. म्हणून पहिल्या फेरीत तळाशी अर्धा मिलिमीटरचा पापुद्रा ठेवायचा आणि सगळ्या शीटचं काम झालं की शेवटच्या फेरीत तो सोडवायचा. वेळ थोडा जास्त जातो. तुकडा वाया जाण्यापेक्षा ते बरं.

आता शेकर डिझाईनबद्दल. चारही बाजूंनी सपाट चौकट आणि मधला भाग खोल, हे डिझाईन सध्या सगळ्यांना हवं असतं. मशीनचा बिट गोल असतो, म्हणून आतल्या कोपऱ्यात बिटाच्या निम्म्या जाडीची गोलाई राहतेच. ६ मिलिमीटरचा बिट असेल तर ३ मिलिमीटरची. पीव्हीसी फॉइलचं मेम्ब्रेन, म्हणजे प्लास्टिकचं पातळ आवरण, चढवायचं असेल तर ही गोलाई उपयोगाची, कारण फॉइल ताणून बसताना टोकदार कोपऱ्यात फाटू शकते. पण मी पीयू (पॉलियुरेथेन) पेंटची शटरं करत होतो. विश्रामबागेतल्या एका ताईंनी नमुन्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे लाकडाचं वाटत नाही." बोलणं बरोबर होतं. सुतारानं चौकट जोडली असती तर कोपरा काटकोनातच आला असता.

मामांनी पटाशी आणली. पाव इंची, पात्याला आरशासारखी धार. एका कोपऱ्याला तीन दाब: एक उभा, एक आडवा, एक तळातून. त्या किचनला २२ शटरं होती, म्हणजे ८८ कोपरे. मामा स्टुलावर बसून दोन संध्याकाळी ते करत होते आणि मी बघत होतो. धातूच्या कामात मी एवढी नजर कुठे बघितली नव्हती. ते माप घेतच नव्हते, दोन्ही कडा पटाशीला सांगत होत्या कुठे थांबायचं. नंतर मी व्ही-बिटनं कोपरा टोकदार काढायची पद्धत शिकलो आणि आता बहुतेक काम तसंच होतं. तरी जिथे गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार असतं, तिथे कोपरा अजून पटाशीनंच होतो.

ज्या गोष्टीनं मला सर्वांत जास्त घाम फोडला ती म्हणजे माप. मी मिलिमीटरमध्ये विचार करतो. आमच्याकडचा मिस्त्री, मग तो मिरजेचा असो, राजस्थानचा असो की युपीचा, इंच आणि सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. हे रूपांतर अवघड नाही, त्यासाठी तक्ता करून भिंतीला लावला. चूक तिथे झाली नाही.

माधवनगरच्या एका मिस्त्र्यानं कागद पाठवला: १७ इंच ३ सूत बाय २७ इंच ६ सूत, असे अठरा आकडे. मी ४४१ बाय ७०५ केलं, नेस्टिंग, म्हणजे शीटवर तुकड्यांची मांडणी, लावलं, कापलं, रंगवलं, पोचवलं. दुपारी फोन आला. "दादा, शटर बॉक्सच्या आत जाऊन पडतंय." त्यानं दिलेलं माप बॉक्सच्या ओपनिंगचं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेचं, होतं, आणि बिजागऱ्या आणल्या होत्या झिरो क्रँकच्या, म्हणजे फुल ओव्हरले. त्या पद्धतीत शटर बॉक्सच्या १८ मिलिमीटरच्या दोन्ही उभ्या फळ्या झाकतं. म्हणजे ४४१ अधिक ३६, त्यातून दोन शटरांमधल्या फटीचे ३ वजा, ४७४ पाहिजे होतं. माझं शटर रुंदीला ३३ मिलिमीटर आखूड. जास्त झालं असतं तर कापता आलं असतं, आखूड झालेल्याला इलाज नाही. इनसेट, म्हणजे बॉक्सच्या आत, बसवायचं, सोळा क्रँकच्या बिजागऱ्या आणायच्या, म्हटलं तर त्यासाठी ते उलट मोठं होतं. आत बसवताना चारही बाजूंना सुताची फट लागते.

चूक कोणाची, यावर आम्ही दोघंही बोललो नाही. त्यानं मजुरी सोडली, मी माल सोडला. त्या दिवसापासून माझ्याकडे छापील कागद आहे. त्यावर पहिलाच प्रश्न: माप ओपनिंगचं की शटरचं? मग बिजागरी कोणती: झिरो, आठ की सोळा क्रँक. मग बॉक्सच्या फळीची जाडी. आणि बॉक्सचे दोन्ही कर्ण. कर्ण सारखे नसतील तर बॉक्स गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. काटकोनातलं शटर त्यावर लावलं की फट वर एक सूत आणि खाली तीन सूत दिसते, आणि बघणारा दोष शटरला देतो. मिस्त्री लोकांना सुरुवातीला हा कागद म्हणजे त्यांच्यावर अविश्वास वाटला. "आम्ही काय आजच आलोय व्हय?" असं एकानं ऐकवलं. मी म्हटलं, हा कागद माझ्यासाठी आहे, मला लाकूड कळत नाही म्हणून. ते खरंच होतं.

दुसरी मोठी चूक बिजागरीच्या भोकाची. आपण बाजारातून आणतो त्या ऑटो हिंजची वाटी ३५ मिलिमीटरची असते आणि तिच्यासाठी शटरच्या मागून सुमारे १२ मिलिमीटर खोल भोक पाडावं लागतं. १८ मधून १२ गेले, राहिले ६. मिस्त्र्याचा वेळ वाचावा म्हणून भोकं मीच पाडून द्यायला लागलो, ती माझी जमेची बाजू होती. एका ऑर्डरला गिऱ्हाइकानं बारीक चौकटीचं डिझाईन निवडलं: कडेपासून ३५ मिलिमीटरवर खोबण सुरू, खोली ७. भोकाचं केंद्र कडेपासून २२ वर, म्हणजे भोक साडेचारपासून साडेएकोणचाळीसपर्यंत पसरलेलं. खोबणीत लाकूड उरलं होतं ११ मिलिमीटर आणि भोक १२ खोल. सगळी शटरं उलटी ठेवून भोकं पाडली, मग सुलटी केली. प्रत्येकावर खोबणीच्या कडेला दोन दोन चंद्रकोरी. सोळा शटरं, बत्तीस चंद्रकोरी. दोन शीट आणि तीन दिवस गेले. आता डिझाईन दाखवतानाच सांगतो: चौकट ५० च्या खाली घ्यायची असेल तर खोबण ४ पेक्षा खोल मिळणार नाही. एकाही गिऱ्हाइकानं त्यावर हट्ट धरलेला नाही. कारण सांगितलं की लोक ऐकतात.

रंगाचं काम मी आधी बाहेर द्यायचो. मग लक्षात आलं की लोक शटर पाहतात म्हणजे रंगच पाहतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात मिसळून उष्णतेनं आणि दाबानं बसवलेली फळी. तिचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात आणि पोट सैल. राऊटरनं खोबण काढली की ते सैल पोट उघडं पडतं, आणि कडा तर उघड्याच असतात. तिथे रंग पाण्यासारखा शोषला जातो. वरचा भाग चमकतो आणि खोबण खरखरीत राहते. उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. खोबण आणि कडा २२० च्या कागदानं घासायच्या, तिथे आधी पातळ सीलर पाजायचा, वाळला की पुन्हा घासून पुन्हा पाजायचा, मग सगळ्यावर पीयू प्रायमरचे दोन हात, ३२० चा कागद, आणि मगच रंग. मधली पायरी वगळली तर दोन महिन्यांनी कडेला तंतू उभे राहिलेले बोटाला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत पीयूला फोड येऊ शकतात, कारण त्यातला हार्डनर ओलाव्याशी आधी भिडतो. म्हणून पाऊस लागला की मी रंगाचे दिवस वाढवून सांगतो. घाई असेल तर दुसरीकडे घ्या, असंही सांगतो. हे बोलायला जड जातं, पण फोड आलेलं शटर परत आणणं त्याहून जड असतं.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगायलाच हवी. सांगलीत एमडीएफ विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा येत नाही. "पाण्यात काय होतं?" हा येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर नदीजवळच्या गावभागातल्या आमच्या आत्याच्या घरी मी गेलो होतो. ओट्याखालच्या ट्रॉल्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या, ड्रॉवर उघडत नव्हते, आत्या त्यातली भांडी काढायला कोयता घेऊन बसली होती. तेव्हा मी या धंद्यात नव्हतो. आज कुणी तो प्रश्न विचारला की मला ते स्वयंपाकघर दिसतं.

म्हणून मी शेडच्या दारात दोन बादल्या ठेवतो. एकीत साध्या एमडीएफचा तुकडा, दुसरीत एचडीएचएमआरचा, म्हणजे ओलावा सोसणाऱ्या जास्त घट्ट फळीचा, दोन्ही १८ चे. गिऱ्हाईक आलं की चोवीस तास बुडालेले तुकडे काढून व्हर्नियरनं त्याच्यासमोर मोजतो. साधा तुकडा डोळ्यांना दिसण्याइतका फुगलेला असतो, दुसरा त्यामानानं फार कमी. आणि मग जे खरं आहे ते सांगतो: एचडीएचएमआर ओलाव्याला तोंड देतो, सिंकखालच्या गळतीला बऱ्यापैकी तोंड देतो, पण आठवडाभर पुराच्या पाण्यात उभा राहिला तर त्याची हमी मी देणार नाही. नदीकाठच्या घरात तळमजल्यावर किचन असेल तर ओट्याखाली आयएस ७१० चं (पाण्याला टिकणारं) प्लाय किंवा डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाची फळी) घ्या, माझी शटरं ओट्याच्या वरच्या कपाटांना लावा. अर्धी ऑर्डर जाते. पण गावभागातून जी माणसं आली, ती सगळी कुणाच्या तरी सांगण्यावरून आली.

धंदा कसा उभा राहिला, तर शटरांवर नाही. पहिले सहा महिने देवघराच्या जाळ्यांनी आणि गणपतीच्या मखरांनी भाडं भरलं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि मखर एमडीएफमध्ये करायची पद्धत वाढली. साडेपाच मिलिमीटरच्या शीटमध्ये खाचा काढून सुटे भाग जोडायचे, विसर्जनानंतर उकलून माळ्यावर ठेवायचे. श्रावणात रात्री बारापर्यंत मशीन चालायचं. त्या पैशांतून मी एक फुटाचे नमुने बनवले, पिशवीत घातले आणि विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत ट्रॉलीच्या प्रत्येक दुकानात गेलो. दुकानदार दर विचारायचे आणि नमुना बाजूला ठेवायचे. खरी ऑर्डर आली ती मिस्त्री लोकांकडून, तीही मामांच्या ओळखीनं. मशीन आपलं काम खाणार, ही त्यांची भीती मी समजू शकतो. मामा त्यांना म्हणाले, "शटर बनवून पैसं मिळत न्हाईत, बसवून मिळत्यात. बनवायचं त्याच्यावर सोड, तू दोन घरं जास्त घे." हे त्यांना पटलं.

दर स्क्वेअर फुटावर असतो, आणि तिथेही मी आधी हरलो. सहा इंची ड्रॉवरची पट्टी आणि अडीच फुटी शटर यांना घासायला, रंगवायला, फिरवायला जवळपास सारखाच वेळ लागतो. आता एक फुटाच्या आतलं काहीही एक फूटच धरतो. निम्मे पैसे माप नक्की झाल्यावर, उरलेले माल गाडीत चढण्याआधी. उधारीवर पहिल्या वर्षी जे अडकले ते अजून पूर्ण आले नाहीत.

धुळीबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. सुरुवातीला डस्ट कलेक्टरचे पैसे वाचवले आणि रुमाल बांधून काम केलं. रात्री नाक शिंकरलं की तपकिरी यायचं. लाकडाची धूळ आणि एमडीएफच्या डिंकातलं फॉर्मल्डिहाइड, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. हे मी मशीन घेतल्यावर वाचलं. तीन एचपीचा दोन पिशव्यांचा कलेक्टर पुढच्याच महिन्यात आणला, शीट ई-१ दर्जाचीच, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारी, घेतो, आणि घासकामाला एन-९५ मास्क घातल्याशिवाय मी कुणालाही उभं करत नाही. पोरं कुरकुर करतात. करू देत.

उंच शटरांचा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. वॉर्डरोबचं सात फुटी शटर मागून पांढऱ्या प्रीलॅमचं (आधीच लॅमिनेट चिकटवलेलं) आणि पुढून खोबणी काढून रंगवलेलं असलं की दोन्ही बाजू ओलावा सारखा घेत नाहीत, आणि पुढचा घट्ट पापुद्राही आपणच कापलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात मधोमध बाक येतो. दोन्ही बाजूंना प्रायमर-रंग दिला तर फरक पडतो, मागे ॲल्युमिनियमचा स्ट्रेटनर, म्हणजे शटर सरळ धरणारी पट्टी, बसवला तर आणखी पडतो. तरी सहा फुटांपुढे मी खोलगट डिझाईन सुचवत नाही. मधे आडवा जोड घेऊन दोन शटरं करा म्हणतो. कुणी ऐकतं, कुणी नाही.

पुढच्या आठवड्यात तासगावच्या एका किचनचं काम आहे, ३१ शटरं. मापं मामांनी घेतली आहेत, नेहमीप्रमाणे इंच-सुतात, जाड सुतारी पेन्सिलीनं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलंय: ओपनिंग. खाली दोन रेघा मारल्या आहेत.